टीम हाती आली की लोक तुमचा चेहरा वाचू लागतात

कालपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तुम्ही "जरा वेळ आहे का?" असं विचारलंत, तर तो मान वर न करता "पाच मिनिटं थांब" म्हणायचा. बढतीचं पत्र हातात पडल्यावर तेच शब्द उच्चारून पाहा. तो लगेच उठेल, आणि तुमच्या खुर्चीपाशी पोहोचेपर्यंत गेल्या पंधरा दिवसांत आपल्या हातून काय चुकलं याची मनातल्या मनात उजळणी करून मोकळा होईल. तुम्ही तेच, शब्दही तेच, वजन मात्र भलतंच वाढलेलं.

हा लेख पहिल्यांदाच टीम लीड, सुपरवायझर किंवा मॅनेजर झालेल्यांसाठी आहे. साहेबाच्या वागण्यामुळे लोक खूश होतात किंवा वैतागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून मोठा परिणाम सहसा नजरेतून सुटतो. तुमच्यापर्यंत कोणती बातमी पोहोचणार आणि कोणती वाटेतच जिरणार, हे तुमच्या वागण्यावर ठरतं. ज्याला लोक बिचकतात, त्याला आपल्याच कामाची खरी अवस्था सर्वांत शेवटी कळते. खालच्या पायऱ्या लिहिताना हीच गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पायरी १ : पहिल्याच आठवड्यात सहज बोलण्याला लगाम घाला

"राजा बोले, दळ हाले" ही म्हण आपण दुसऱ्यांबद्दल वापरतो. ती आपल्यालाही लागू होते, हे उशिरा कळतं. टीम नवी असताना मी एकदा जाता जाता म्हणालो, "या रिपोर्टमध्ये मागच्या वर्षाचे आकडेही असते तर मजा आली असती." चार दिवसांनी दोघांनी उशिरापर्यंत थांबून तब्बल तीन वर्षांचे आकडे माझ्यापुढे ठेवले. मला ते वाक्य आठवतही नव्हतं. आकडे कुठे वापरले गेले नाहीत आणि त्या दोघांचं ठरलेलं काम मात्र मागे पडलं. त्यांची काही चूक नव्हती. साहेबांनी बोलून दाखवलं म्हणजे साहेबांना हवं आहे, हा त्यांनी काढलेला अर्थ अगदी सरळ होता.

तेव्हापासून मी दोन सवयी लावून घेतल्या. मनात आलेलं बोलायचं असेल तर आधीच सांगायचं, "हे काम नाही, नुसता विचार बोलून दाखवतोय." आणि खरंच काम हवं असेल तर कोणी, काय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही सांगितल्याशिवाय तिथून हलायचं नाही. "उद्या सकाळी भेटा" एवढाच मेसेज कुणालाही पाठवू नका. विषय लिहा, भले तो दोन शब्दांचा असो. नाहीतर त्या माणसाची रात्र तुम्ही फुकट घालवलेली असते.

मूडचंही तसंच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गटप्रमुखांना आधी वेगवेगळ्या व्हिडिओ क्लिप दाखवून काहींना चांगल्या, तर काहींना वाईट मनःस्थितीत आणलं. मग प्रत्येक गटाला डोळ्यांवर पट्टी बांधून तंबू उभारायला सांगितलं. प्रमुखाचा मूड गटातल्या लोकांमध्ये उतरला. चांगल्या मूडमधल्या प्रमुखाच्या गटात एकमेकांशी ताळमेळ अधिक चांगला राहिला, तर वाईट मूडवाल्यांच्या गटानं जोर जास्त लावला. जोर लावणं वाईट नव्हे, पण ताळमेळाचं काम असेल तर नुसत्या जोरावर तंबू उभा राहत नाही.

म्हणून रोज हसतमुख फिरत राहा, असं मी म्हणणार नाही. ते ढोंग लोकांना दोन दिवसांत ओळखू येतं. डोकं तापलेलं असेल तर एवढंच सांगा, "आज मी जरा त्रासलेला आहे, कारण वेगळं आहे, तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही." हे एक वाक्य खर्ची घातलंत की दहा जणांचे दहा तर्क वाचतात.

पायरी २ : वाईट बातमी ऐकण्याचा सराव करा

सगळ्या पायऱ्यांपैकी एकच वाचायची असेल तर ही वाचा.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानाचा कॅप्टन अत्यंत अनुभवी होता, कंपनीच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारा. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की समोरचं विमान बाजूला झालेलं नाही का. कॅप्टननं ठामपणे शंका उडवून लावली. विषय तिथंच संपला. अपघाताची कारणं अनेक होती : धुकं, एकाच वेळी आल्यामुळे अडखळलेले रेडिओ संदेश, खोळंबलेल्या विमानांची गर्दी. पण एका माणसाच्या मनात योग्य शंका आली होती, त्यानं ती बोलूनही दाखवली होती, आणि वरिष्ठापुढे ती दुसऱ्यांदा काढली गेली नाही, ही गोष्ट विमान वाहतूक क्षेत्राला फार लागली. पुढच्या काही वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवाच विषय आला : कनिष्ठानं शंका ठामपणे कशी मांडायची आणि वरिष्ठानं ती कशी ऐकून घ्यायची. यातला दुसरा भाग नव्या मॅनेजरांना कुणी शिकवत नाही.

दुसरं उदाहरण रुग्णालयातलं. एमी एडमंडसन या संशोधिका १९९०च्या दशकात औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी आढळतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला : त्या वॉर्डांत लोक चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होते. इतर ठिकाणी चुका लपत होत्या. तेव्हा ज्या टीमकडून तुमच्या कानावर काहीच वाईट येत नाही, तिच्याबद्दल निश्चिंत होण्याआधी थोडी काळजी करा.

आता प्रत्यक्षात करायचं काय? वाईट बातमी कानावर पडल्यानंतरची पहिली दहा सेकंदं सांभाळायची. त्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा, उसासा, कपाळावर मारलेला हात, हे सगळं नोंदलं जातं आणि संध्याकाळपर्यंत टीमभर पसरतं. म्हणून पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा. माझं ठरलेलं आहे : "बरं झालं आत्ता सांगितलंत." राग आला असला तरी हे वाक्य खरंच असतं, कारण उद्या कळलं असतं तर आणखी महाग पडलं असतं.

त्यानंतरचे प्रश्न क्रमानं विचारा. हे कधी लक्षात आलं? कुठवर पसरलंय? आत्ता या क्षणी काय थांबवता येईल? मदतीला कोण हवंय? "कोणी केलं?" हा प्रश्न यादीत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो कधीच विचारायचा नाही असं नाही, पण आग विझण्याआधी काडी कोणी टाकली याची चौकशी सुरू झाली की बादली घेऊन धावणारेही जागीच थबकतात.

आग विझल्यावर मात्र बसा आणि नीट तपासा. इथं एक फरक करावा लागतो आणि नवे लोक नेमके तिथंच घोटाळतात. अनवधानानं झालेली चूक, माहिती नसल्यामुळे झालेली चूक आणि नियम ठाऊक असूनही मारलेला शॉर्टकट, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी कामाची पद्धत सुधारा, दुसरीसाठी शिकवा, तिसरीसाठी त्या व्यक्तीशी एकट्यात स्पष्ट बोला. तिन्हींना एकच खरडपट्टी दिलीत तर पहिल्या दोन प्रकारची माणसं पुढच्या वेळी गप्प बसतील आणि तिसऱ्या प्रकारची अधिक हुशारीनं लपवतील. तिन्हींकडे कानाडोळा केलात तर नीट काम करणाऱ्याला वाटेल की आपणच मूर्ख.

पायरी ३ : टोमण्यांना आवर घाला

आरडाओरडा करू नये, एवढं बहुतेकांना समजतं. खरी अडचण टोमण्यांची असते, कारण ते मारणाऱ्याला विनोद वाटतात. "वा, आज वेळेवर उगवलात!" "हे तुम्ही स्वतः लिहिलंत की झोपेत?" सगळे हसतात. तुम्ही साहेब आहात, हसणारच. ज्याला टोमणा बसला तोही हसतो, आणि पुढच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही.

उद्धट शब्दांमुळे मन दुखावतं, इतकंच आपण धरतो. २०१५ साली इस्रायलमधल्या एका प्रयोगात त्याहून पुढचं दिसलं. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या २४ वैद्यकीय टीमना एका कृत्रिम बाळावर उपचार करायचे होते. काही टीमना आधी एका बाहेरच्या तज्ज्ञाकडून त्यांच्या कामाबद्दल हिणकस शेरे ऐकावे लागले, बाकीच्यांना साधं बोलणं. शेरे ऐकलेल्या टीमचं रोगनिदानही घसरलं आणि हातांनी करायचं कामही. मोठं कारण असं की त्यांनी एकमेकांना माहिती सांगणं आणि एकमेकांची मदत मागणं कमी केलं होतं. ही रोज जीव वाचवणारी, प्रशिक्षित माणसं. चार शेरे आणि तेही अनोळखी माणसाचे. तुमची टीम तर रोज तुमच्यासोबत बसते.

कधीतरी तोल जाईलच. गेला तर माफी मागा, आणि ज्यांच्यादेखत बोललात त्यांच्यादेखतच मागा. चारचौघांत झापायचं आणि केबिनमध्ये बोलावून हळूच "मनावर घेऊ नका" म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही. माफी छोटी ठेवा : "काल मी ज्या स्वरात बोललो ते चुकीचं होतं." पुढे "पण तुम्हीही..." जोडलंत की माफी रद्द.

पायरी ४ : डोक्यावर बसू नका, वाऱ्यावरही सोडू नका

१९३९ साली कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी साधारण दहा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही मंडळांचा प्रमुख सगळं हुकुमानं चालवायचा, काहींचा मुलांना विचारून ठरवायचा, काहींचा काहीच करायचा नाही. हुकुमाखालची मुलं काम करायची, पण प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारून ठरवणाऱ्यांकडे तो नसतानाही काम चालू राहायचं. तिसऱ्या प्रकारात मोकळीक भरपूर होती आणि काम सर्वांत कमी. मुलांवरचे निष्कर्ष मोठ्यांना जसेच्या तसे चिकटवू नयेत, हे खरं. पण "खोलीबाहेर जाऊन बघा" ही कसोटी मला फार उपयोगी वाटते. एक दिवस रजा घ्या, फोन करू नका, आणि परत आल्यावर काय झालं ते पाहा.

नवा मॅनेजर बहुतेक वेळा यातल्या एका टोकाला जातो. कालपर्यंत जे काम स्वतः उत्तम करत होता ते दुसऱ्याच्या हातात बघवत नाही, म्हणून दर तासाला डोकावतो. किंवा आधीच्या खडूस साहेबाचा इतका तिटकारा आलेला असतो की "मी तसा होणार नाही" या भरात टीमला पूर्ण मोकळं सोडतो. दुसरा प्रकार दिसायला प्रेमळ असतो, पण अडलेल्या माणसाला निर्णय हवा असताना "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" हे उत्तर मिळालं, तर त्याला ते टाळल्यासारखंच वाटतं.

काम सोपवताना चार गोष्टी बोलून घ्या : शेवटी काय तयार व्हायला हवं, कधीपर्यंत, कोणते निर्णय त्यांनी मला न विचारता घ्यायचे, आणि मधे आपण कोणत्या दिवशी एकदा बघायचं. तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात. मग समोरचा माणूस एकतर प्रत्येक बारीकसारीक गोष्ट विचारायला येतो आणि तुम्ही वैतागता, किंवा स्वतः ठरवतो आणि तरीही तुम्ही वैतागता. ठरलेल्या दिवसाआधी डोकावण्याची ऊर्मी आली तर दुसरं काम हातात घ्या.

पायरी ५ : मर्जीतलं कुणी आहे का, हे तपासा

"माझ्यासाठी सगळे सारखे" असं प्रत्येक जण म्हणतो. एक सोपी तपासणी करा. गेल्या महिन्यात चांगलं, नजरेत भरणारं काम कुणाला दिलंत आणि कंटाळवाणं कुणाला, हे कागदावर नावांनिशी लिहा. कुणाची रजा एका शब्दात मंजूर झाली आणि कुणाला कारण विचारलंत, तेही लिहा. मी पहिल्यांदा अशी यादी केली तेव्हा तीन चांगली कामं एकाच माणसाकडे गेलेली निघाली. तो हुशार होता, हे कारण होतंच. पण तो माझ्या शेजारी बसायचा, हे कारण त्याहून खरं होतं.

माणसं कमी पगार एक वेळ सोसतात, डावललं जाणं सोसत नाहीत. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या दीर्घ अभ्यासातून २००५ साली पुढे आलं की ज्या पुरुष कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणी न्यायानं वागवलं जातंय असं वाटत होतं, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण कमी होतं. एकातून दुसरं थेट घडतंच, असं अशा अभ्यासातून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्यांनी तपासलेल्या गोष्टी पाहा : साहेब माझं म्हणणं ऐकतो का, पुरेशी माहिती देतो का, विनाकारण टीका करतो का. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत.

श्रेयाचंही इथंच उरकून घेऊ. वरच्या बैठकीत टीमचं काम मांडताना ज्यानं केलं त्याचं नाव घ्या. काम फसलं असेल तर नाव घेऊ नका, "आमच्याकडून" म्हणा.

पायरी ६ : फीडबॅक देताना बोट कामावर ठेवा

१९९६ साली अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी फीडबॅकवरचे आधीचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा की लक्ष कामावरून उडून "मी कसा आहे?" याकडे वळलं की फीडबॅकचा गुण येत नाही. आणि ही गोष्ट कौतुकालाही लागू पडते.

"तुम्ही निष्काळजी आहात" यात ऐकणाऱ्याला करण्यासारखं काहीच नाही, फक्त मान खाली घालता येते. "या तक्त्यात दोन बेरजा जुळत नाहीत, पाठवण्याआधी एकदा पडताळून पाहत जा" यात काम आहे. तसंच "तुम्ही ग्रेट आहात" यापेक्षा "ग्राहक चिडलेला असताना तुम्ही आधी त्याचं पूर्ण ऐकून घेतलंत, म्हणून तो शांत झाला" हे जास्त दिवस टिकतं. अप्रेझलपर्यंत साठवून ठेवू नका. आठ महिन्यांपूर्वीची चूक अप्रेझलमध्ये काढली की समोरच्याला एकच गोष्ट कळते : तुम्ही गेले आठ महिने ती मनात ठेवून बसला होता.

पायरी ७ : वरून आलेला दाब तसाच खाली ढकलू नका

तुमच्यावरही कुणीतरी साहेब आहे, आणि तो कदाचित हा लेख वाचणार नाही. त्याच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर थेट टीमकडे जाऊ नका. दहा मिनिटं काढा आणि ऐकलेल्यातून मजकूर आणि स्वर वेगळे करा. मजकूर सांगायचा : तारीख दोन दिवस आधी आली आहे. स्वर आपल्यापाशीच ठेवायचा. "मला वरून बोलणी बसली, आता तुम्ही बघा" असं म्हणणाऱ्या मॅनेजरची टीमला कीव येते आणि थोडी भीतीही वाटते. उपयोग मात्र काही होत नाही.

रात्री उशिरा काम करायची सवय असेल तर खुशाल करा, पण मेल सकाळी जाईल असं वेळापत्रक लावा. "उत्तराची घाई नाही" असं लिहिलंत तरी फोन वाजलेला असतो.

पायरी ८ : स्वतःबद्दल विचारा, पण नीट विचारा

तीन महिन्यांनी काही खुणा तपासा. मीटिंगमध्ये तुमच्या बोलण्यानंतर कुणी वेगळं मत मांडतं का? अडचणी टीमकडूनच कळतात, की बाहेरच्या कुणाकडून? तुम्ही आत आल्यावर चाललेलं बोलणं थांबतं का? कुणी एका दिवसाच्या रजेसाठी चार ओळींचं स्पष्टीकरण लिहितं का?

"माझ्याबद्दल काय वाटतं?" असं विचारू नका. अप्रेझल तुमच्या हातात असताना या प्रश्नाचं खरं उत्तर मागणं हा समोरच्यावर अन्याय आहे. त्याऐवजी एकेकाला विचारा, "गेल्या महिन्यात मी केलेली कोणती गोष्ट तुमच्या कामात आडवी आली?" पहिल्यांदा सगळे "काही नाही" म्हणतील. वाद घालू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला कुणीतरी अगदी किरकोळ काहीतरी सांगेल : सोमवारची मीटिंग फार लांबते, किंवा तुम्ही बोलत असताना फोन बघता. ही चाचपणी असते. मोठी गोष्ट मागे ठेवून लहान गोष्ट पुढे केलेली असते, तिचं काय होतं ते पाहायला. खुलासा देऊ नका, लिहून घ्या, आणि पुढच्या सोमवारी मीटिंग अर्ध्या तासात संपवा.